टोपकापीची बाग की डोल्माबाहचेची?

इस्तंबूलमध्ये एकच दिवस हाताशी असेल आणि दालनांतल्या झुंबरांपेक्षा बागांची ओढ जास्त असेल, तर घोळ ऑटोमन सुलतानांच्या या दोन राजवाड्यांच्या बागांतच होतो. माझाही झाला होता. शेवटी हट्टाने दोन्ही पाहिल्या.

डोल्माबाहचे पहिल्या नजरेत जिंकते. 'डोल्मा' म्हणजे भरलेलं, 'बाहचे' म्हणजे आपला बगीचाच. सतराव्या शतकात बोस्फरस सामुद्रधुनीच्या काठची एक छोटी खाडी बुजवून केलेली ही जागा. आजचा राजवाडा मात्र १८४३ ते १८५६ मधला, आणि बाग पूर्ण युरोपी वळणाची: मापात आखलेले ताटवे, हंसांचं कारंजं, समुद्रावर उघडणारं पांढरं महाद्वार. फोटोत तिला तोड नाही.

टोपकापी आधी गोंधळात टाकते. बीबी का मकबऱ्याची चारबाग डोळ्यांत ठेवून गेलात तर आणखीच. इथे मधोमध पाट नाही, समोरासमोर वाफे नाहीत. तीन चौक ओलांडून चौथ्यात पोचायचं, तर तिथे उंचसखल गच्च्या आणि विखुरलेले कोश्क, म्हणजे छोटे बागमहाल. बाग आखून त्यात महाल बसवलेला नाही. जिथून पाणी दिसतं, वारा लागतो, तिथे बसायची सोय केली आणि भोवती झाडं-फुलं येऊ दिली, असं वाटतं. हे कळायला मला तासभर लागला. (इथल्या माळ्यांना बोस्तांजी म्हणत. पहारा आणि शिरच्छेद ही कामंही त्यांच्याकडेच असत, म्हणून गुलाब जरा जपूनच पाहिले.)

माझा कौल ठरला तो उन्हामुळे. जुलैची दुपार, डोल्माबाहचेचा पांढरा दर्शनी भाग, पलीकडे चकाकणारा समुद्र. डोळे किलकिले करून ताटव्यांकडे बघत होतो आणि दिसत काहीच नव्हतं. ती बाग राजवाड्याला शोभा म्हणून आहे, माणसाने टेकावं म्हणून नाही, असं माझं आपलं मत झालं. संगमरवर टोपकापीच्या गच्चीवरही तापतो, नाही असं नाही. पण १६३९ च्या सुमाराच्या बगदाद कोश्कला चहूबाजूंनी रुंद वळचण आहे. तिच्या सावलीत उभं राहिलो आणि गोल्डन हॉर्न या खाडीवरून झुळूक आली. शेजारीच १६४० ची इफ्तारिये, सोनेरी छताची चिमुकली छत्री. उन्हाळ्यात रमजान आला की सुलतान तिथे रोजा सोडत. जागा कुणी निवडली असेल, त्याला उन्हाची जाण होती.

हिवाळ्यात किंवा सकाळी लवकर जाणार असाल, तर माझं गाऱ्हाणं सोडून द्या. डोल्माबाहचे तेव्हा कदाचित सरसही वाटेल. टोपकापीत गर्दीचा त्रास आहेच. दार उघडताच खजिन्याच्या रांगेला बगल देऊन थेट चौथा चौक गाठा. परतताना खालच्या गुल्हानेत उतरा. ती याच राजवाड्याची बाहेरची बाग, १९१२ पासून सर्वांना खुली, आणि तिथल्या झाडांखाली बसायला तिकीट लागत नाही.