द्राक्षबागेतली खतं माझ्या गच्चीवर : अकरा महिन्यांचा अनुभव

मागच्या ऑगस्टपासून मी झाडांचं खत तयार आणत नाही, घरीच मिसळते. म्हणजे आपल्याकडे द्राक्षवाले ड्रिपमधून सोडतात ती विद्राव्य खतं सुटी सुटी आणायची, तोलायची, पाण्यात विरघळवायची. पावसाळा, थंडी, उन्हाळा तिन्ही त्यावर काढले म्हणून आता लिहितेय, महिन्याभरात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं.

नाशिकला इंदिरानगरला आमची गच्ची आहे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या बत्तीस ग्रो बॅग, त्यात टोमॅटो, मिरची, वांगी, सिमला, आणि बाजूला चार क्रेट, त्यात पालक आणि लेट्यूस नुसत्या पाण्यावर. कोकोपीटमध्ये स्वतःचं असं अन्न फारसं नसतंच, आपण पाण्यातून देऊ तेवढंच झाडाला मिळतं, त्यामुळे काही चुकलं की आठवड्याभरात पानावर दिसतं.

आधी दोन वर्षं ए आणि बी अशा दोन भागांत येणाऱ्या द्रव खताच्या तयार बाटल्या वापरल्या. झाडं चांगली यायची, खोटं कशाला बोलू. पण उन्हाळ्यात दिवसाला वीस-बावीस लिटर पाणी लागतं आणि बाटलीचा हिशोब लिटरला चार रुपयांच्या आसपास जायचा, म्हणजे महिन्याला अडीच हजार नुसतं खताला. आणि दुसरं म्हणजे पान पिवळं पडलं तर काय कमी पडलं ते कळायचा मार्गच नाही, करायचं काय तर एक झाकण जास्त टाका.

मामांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. त्यांच्या शेडमध्ये पोती रचलेली होती, कॅल्शियम नायट्रेट, तेरा झिरो पंचेचाळीस, झिरो बावन चौतीस, झिरो झिरो पन्नास, मॅग्नेशियम सल्फेट, आणि प्रत्येकावर टक्के छापलेले (ते तीन-तीन आकडे म्हणजे क्रमाने नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के). मी विचारलं, मामा, माझ्या बाटलीत काय असतं हो? म्हणाले, "हेच असतं गं, विरघळवून दिलेलं. घेऊन जा किलो-किलो, करून बघ." तिथून सुरुवात झाली.

नाशिकमध्ये राहण्याचा हा मोठा फायदा आहे, ही खतं शोधत फिरावं लागत नाही. पंचवटीत मार्केट यार्डाच्या बाजूला कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा, फवारणीसाठी लागतात म्हणून एक किलोची पाकिटंही मिळतात. फक्त दुकानदार आधी १९:१९:१९ हातात देतो. जमिनीतल्या पिकाला ते ठीक आहे, पण त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाचं असतं, युरिया विरघळला तरी ईसी मीटरवर (पाण्यातले क्षार विजेच्या वाहकतेवरून मोजणारा मीटर) दिसत नाही आणि जिवाणूंनी त्याचं रूपांतर केल्याशिवाय झाडाला त्याचा नीट उपयोग होत नाही. नुसत्या पाण्यावरच्या पालकाला ते देऊ नका, मी दिलं होतं, पानं मऊ आणि मरगळलेली आली.

आता गणित, कारण सगळे इथेच घाबरतात. एका लिटरला एक ग्रॅम खत टाकलं तर त्यातल्या घटकाचे टक्के गुणिले दहा म्हणजे पीपीएम (लिटरला किती मिलिग्रॅम), बस. कॅल्शियम नायट्रेटमध्ये नत्र १५.५ टक्के आणि कॅल्शियम १८.८ टक्के, म्हणजे लिटरला ०.८ ग्रॅम टाकलं की नत्र १२४ आणि कॅल्शियम १५०. एकच मेख आहे, पोत्यावरचा स्फुरद आणि पालाशचा आकडा ऑक्साइडच्या हिशोबाने छापतात, त्यामुळे स्फुरदाला ०.४३६ ने आणि पालाशला ०.८३ ने गुणायचं. हे माहीत नव्हतं तेव्हा पहिल्या महिन्यात मी स्फुरद लागतो त्याच्या निम्मादेखील देत नव्हते आणि टोमॅटोची पानं खालून जांभळी का होतायत म्हणून डोकं धरून बसले होते.

मी आता जे वापरते ते लिटरला असं : कॅल्शियम नायट्रेट ०.८ ग्रॅम, १३:००:४५ ०.४ ग्रॅम, ००:५२:३४ ०.२ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.४ ग्रॅम. हिशोब केला तर नत्र १७६, स्फुरद ४५, पालाश २०५, कॅल्शियम १५०, मॅग्नेशियम ३८. होगलँड आणि आरनॉन यांचं १९३८ सालचं कॅलिफोर्नियाचं प्रसिद्ध द्रावण आहे, त्यात नत्र २१०, पालाश २३५, कॅल्शियम २०० असतं, त्याच्याशी ताडून बघितलं आणि मुद्दाम थोडं हलकं ठेवलं, कारण आपल्या उन्हात बॅगेतलं पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. नळाच्या पाण्यात ईसी दोनच्या थोडा वर येतो. पालक-लेट्यूसला मी हेच द्रावण आणखी साधं पाणी घालून १.३ पर्यंत उतरवते.

रोज तोलणं शक्य नाही म्हणून शंभरपट घट्ट स्टॉक करून ठेवायचा आणि लिटरला दहा-दहा मिली घ्यायचं. इथे पहिला धडा मिळाला. मी सगळं एकाच कॅनमध्ये केलं, म्हटलं दोन बाटल्या कशाला सांभाळा, आणि दहा मिनिटांत आत दूध नासल्यासारखं पांढरं झालं आणि तळाला साका बसला. कॅल्शियम घट्ट द्रावणात सल्फेट किंवा फॉस्फेटला भेटलं की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट तयार होतं, ते पुन्हा विरघळत नाही. मामांना फोन केला तर म्हणाले, "अगं, आम्ही कॅल्शियम कायम एकटं सोडतो, ड्रिप चोक होते नाहीतर." त्यांना ते इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं सुचलंच नाही. तेव्हापासून ए मध्ये कॅल्शियम नायट्रेट, १३:००:४५ आणि लोह, बी मध्ये बाकी सगळं, आणि पातळ करताना बादलीत आधी पूर्ण पाणी, मग ए, ढवळून मग बी. मापाचे कपही वेगळे ठेवलेत. थंडीत अजून एक दिसलं, १३:००:४५ विरघळताना पाणी आणखी गार करतं, जानेवारीतल्या सकाळी बरणी हातात धरवत नव्हती आणि शेवटचे दाणे विरघळेनात, कोमट पाणी घेतलं की प्रश्न मिटतो.

सूक्ष्म अन्नद्रव्यांवर मात्र जरा थांबून लिहिते कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालंय. बोरॉन झाडाला अर्धा पीपीएम लागतं आणि त्याच्या थोडं वर गेलं की विषच. बोरिक ॲसिड लिटरभर स्टॉकला ०.२९ ग्रॅम. माझ्या वहीत दहा लिटर स्टॉकचा हिशोब होता, २.९ ग्रॅम, आणि ऑक्टोबरमध्ये घाईत मी लिटरभर स्टॉक करताना तोच आकडा घेतला. दहापट. दहा-बारा दिवसांनी मिरचीच्या जुन्या पानांच्या कडा पिवळ्या, मग तपकिरी, कागद जळावा तशा. आधी वाटलं पालाश कमी आहे म्हणून तो वाढवला, आणखी आठवडा गेला. वही परत वाचताना चूक दिसली तेव्हा खरंच पोटात गोळा आला, कारण बत्तीसच्या बत्तीस बॅगांना तेच पाणी गेलं होतं. साध्या पाण्याने तीन वेळा बॅगा धुतल्या, तीन आठवड्यांनी नवी पानं स्वच्छ आली, पण जळालेली पानं तशीच राहिली आणि मिरचीचा तो बहर गेला. आता मी २.९ ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवून वेगळी बाटली ठेवते आणि त्यातलं १०० मिली स्टॉकला घेते, म्हणजे काट्याची चूक झाली तरी ती दहापट होत नाही. मॉलिब्डेनम तर लिटरभर स्टॉकला एक शतांश ग्रॅमही लागत नाही, ते असंच पातळ करून मोजल्याशिवाय जमणारच नाही. मोरचूदही तसंच.

त्यामुळे काट्यावर पैसे वाचवू नका. किचनचा एक-एक ग्रॅमने पुढे जाणारा काटा मोठ्या क्षारांना चालेल पण यांना नाही. शतांश ग्रॅम दाखवणारा सोन्याचा छोटा काटा लागतो. आणि मीटर घेताना टीडीएस नाही, ईसी बघा, कारण काही मीटर ईसीला ५०० ने गुणून पीपीएम दाखवतात आणि काही ७०० ने, एकाच पाण्याचे दोन आकडे येतात आणि माणूस गोंधळतो.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. सोसायटीत नळाचं पाणी कमी यायला लागलं आणि बोअर सुरू झाली. तेच क्षार, तेच माप, आणि पंधरा दिवसांत टोमॅटोचे शेंडे पिवळे, शिरा तेवढ्या हिरव्या. नवीन पान पिवळं म्हणजे लोह, जुनं पान शिरांमधून पिवळं म्हणजे मॅग्नेशियम, हे एव्हाना शिकले होते. पण लोह तर मी देत होते! शेवटी पाणी लॅबला दिलं. बोअरचा पीएच ७.८, ईसी ०.९, कॅल्शियम ६२, मॅग्नेशियम ३८, बायकार्बोनेट ३४०. आपल्याकडे काळ्या बेसाल्टच्या खडकातलं पाणी, जड असणारच. आणि मी वापरत होते ते ईडीटीए वालं लोह (लोह विरघळलेलं राहावं म्हणून ईडीटीए या रसायनाने बांधलेलं) साडेसहाच्या वर पीएच गेला की टिकत नाही. म्हणजे मी टाकत होते आणि झाडाला मिळत नव्हतं. मग जास्त पीएचलाही टिकणारं ईडीडीएचए वालं ६ टक्के लोह आणलं, १०० लिटरला ३.३ ग्रॅम, पाणी लालसर होतं, महाग आहे, पण दहा दिवसांत नवे शेंडे हिरवे.

मग पाण्याचाही बंदोबस्त केला. निम्मं नळाचं निम्मं बोअरचं, आणि पीएच उतरवायला ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड, १०० लिटरला १० मिली. यातली मजा बघा, त्या १० मिलीतून स्फुरद येतो ४५ पीपीएम, म्हणजे माझ्या ००:५२:३४ मधून येत होता तेवढाच! म्हणून उन्हाळाभर ते पाकीट बंदच ठेवलं आणि त्यातून जो पालाश मिळायचा त्याच्या जागी ००:००:५० घेतलं, १०० लिटरला साडेतेरा ग्रॅम. पाण्यातच मॅग्नेशियम होतं म्हणून मॅग्नेशियम सल्फेट निम्मं केलं. तयार बाटलीत हे कधीच करता आलं नसतं, तिथे सगळं एकत्र बांधलेलं असतं. मला विचाराल तर पैशांपेक्षा मी यासाठी हे चालू ठेवलंय. (नुसत्या बोअरला पुरेल इतकं फॉस्फोरिक मात्र टाकू नका, स्फुरद भलताच वाढतो. ॲसिड नेहमी पाण्यात टाकायचं, उलट नाही, आणि हातमोजे, चष्मा घालूनच.)

पैशांचं सांगते. किलोला सरासरी दीडशे धरले तरी लिटरला पावणेदोन ग्रॅमच क्षार लागतात, सूक्ष्म धरून तीस-पस्तीस पैसे. उन्हाळ्यात महिन्याचा खर्च दोनशेच्या घरात आला. काटा, ईसी मीटर आणि पीएच मीटर यांचा खर्च पहिल्या दोन महिन्यांत निघाला, पण पीएच मीटर दर महिन्याला कॅलिब्रेट करावाच लागतो, नाहीतर तो खुशाल चुकीचा आकडा दाखवतो.

न आवडलेलं म्हणजे साठवण. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी इतकं ओढतं की जुलैत पाकिटाला नुसती रबराची गाठ मारून ठेवलं तर आठवड्यात पाक होतो. आता घट्ट झाकणाच्या बरण्या, वर नाव आणि टक्के लिहिलेले, कारण सगळे क्षार पांढरे, सगळे मिठासारखे दिसतात आणि घरात लहान मूल असेल तर हे कुलपातच हवं. नायट्रेट आगीजवळ, रॉकेल-पेट्रोलजवळ ठेवायची नाहीत. आणि पाच-दहा कुंड्या असतील तर या भानगडीत पडू नका, तयार बाटली वर्षभर पुरेल.

टोमॅटो बाटलीपेक्षा फार वेगळे आले असं नाही म्हणणार, तेवढेच आले. बुडाशी काळे पडणारे मात्र अगदी कमी झाले, त्यात कॅल्शियमइतकाच वेळेवर पाणी देण्याचाही हात आहे. पालक आधीपेक्षा नक्की चांगला.

परवा मामांकडे गेले होते. ऑक्टोबर छाटणीची तयारी, खतांची यादी चालली होती. निघताना म्हणाले, "पुढच्या वेळी येशील तेव्हा तो तुझा काटा घेऊन ये, बोरॉन एकदा नीट तोलून बघू."