१८ पौंडांची मोटर की संपूर्ण नवा व्हॉल्व्ह: सेंट्रल हीटिंगच्या सुट्या मोटरचा अनुभव

इंग्लंडमधील रेडिंग येथील आमच्या घरात दोन हिवाळ्यांपूर्वी, ऐन थंडीत, नळाला कढत पाणी येत असूनही खोल्या उबदार ठेवणारा एकही रेडिएटर तापेना, आणि शोध घेता घेता दोष हीटिंगच्या व्हॉल्व्हवरील चिमुकल्या मोटरपर्यंत येऊन थांबला. ती मोटर काढून तिच्या जागी ऑनलाइन मागवलेली, कोणत्याही नामांकित कंपनीचा शिक्का नसलेली सुटी मोटर मी स्वतः बसवली. तिच्यावर दोन हिवाळे निघाल्यानंतरच हे परीक्षण लिहीत आहे, कारण अशा वस्तूबद्दल पहिल्या आठवड्यात दिलेल्या पाच ताऱ्यांना फारसा अर्थ नसतो.

आधी रचना समजून घेतलेली बरी. गरम पाण्याची वेगळी टाकी असलेल्या ब्रिटनमधील अनेक घरांत पाणी तापवणारा बॉयलर एकच असतो, पण त्यातून निघणारे पाणी टाकीकडे जावे की रेडिएटरकडे, हे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह ठरवतात. आमच्याकडे दोन मार्गांसाठी दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह आहेत आणि या मांडणीला येथील कारागीर ‘एस प्लॅन’ म्हणतात; एकाच तीन तोंडी व्हॉल्व्हवर दोन्ही कामे भागवणाऱ्या मांडणीला ‘वाय प्लॅन’ असे नाव आहे. तापमानावर लक्ष ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की मोटर फिरते, दात्यांच्या चक्राला पुढे रेटून व्हॉल्व्ह उघडते, आणि पूर्ण उघडल्यावर तेथेच असलेला सूक्ष्म स्विच दाबला जाऊन बॉयलर व पंपाला चालू होण्याचा इशारा मिळतो. मागणी संपली की मोटरची वीज जाते आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते. यात ध्यानात घेण्यासारखी बाब अशी की व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत मोटरला वीज मिळतच राहते. ती फिरत नसते, पण स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावून उभी असते. डिसेंबर-जानेवारीत तासन्‌तास चालणारी ही उभी शिक्षा लक्षात घेतली, तर काही वर्षांनी तिचे वेटोळे जळते यात नवल वाटण्याचे कारण नाही.

एका दुरुस्ती कंपनीच्या माणसाने फोनवरच संपूर्ण व्हॉल्व्ह बदलण्याचा सल्ला दिला. त्यासाठी यंत्रणेतील पाणी काढणे, पुन्हा भरणे, गंजरोधक द्रव घालणे हे सारे ओघाने आलेच, आणि त्याने सांगितलेली रक्कम मोटरच्या किमतीच्या दहापटीहून अधिक होती. त्याची बाजूही मला समजते, कारण मोटर तेवढी बदलून दिली आणि महिनाभरात दुसराच भाग निकामी झाला तर बोलणी त्यालाच खावी लागतात. तरीही व्हॉल्व्हला हातही न लावता दिलेला हा निर्णय मला पटला नाही.

म्हणून प्रथम मोटरच दोषी आहे याची खात्री करून घेतली. थर्मोस्टॅट वाढवून ठेवला असता व्हॉल्व्हच्या बाजूची छोटी तरफ सैल लागली, तर मोटरने काम केले असे समजावे. माझ्याकडे ती घट्ट लागत होती, म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेलाच होता. वीज मोजणाऱ्या मल्टिमीटरने पाहिले तर मोटरच्या तपकिरी आणि निळ्या तारांमध्ये २३० व्होल्ट व्यवस्थित पोहोचत होते. नंतर वीज तोडून मोटरचा रोध मोजला. जिवंत मोटर काही हजार ओहम दाखवते, माझी मात्र सरळ तुटलेले सर्किट दाखवत होती. व्हॉल्व्ह नीट उघडूनही बॉयलर सुरू होत नसेल, किंवा मागणी संपल्यावरही बॉयलर बंद होत नसेल, तर संशय त्या सूक्ष्म स्विचवर घ्यावा, आणि तेव्हा नवी मोटर आणून काहीच साधत नाही.

याहून महत्त्वाची तपासणी बहुतेक जण वगळतात. आमच्या व्हॉल्व्हचे वरचे डोके दोन स्क्रू काढून पाण्याला धक्का न लावता उचलता येते. ते बाजूला करून खालचा पितळी दांडा चिमटीत धरून हळूच फिरवून पाहावा. तो अर्धी फेरीही फिरत नाही, थोडासाच हलतो, पण सहज हलला पाहिजे. गाळाने किंवा गंजाने तो आवळला असेल तर जुनी मोटर त्याच्याशी झुंजूनच मेली असे समजावे, आणि नवी मोटरही त्याच वाटेने जाईल. तसे असल्यास त्या दुरुस्तीवाल्याचेच म्हणणे खरे धरून संपूर्ण व्हॉल्व्ह बदलावा.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळतो. मोटर तिसऱ्या दिवशी आली. पुठ्ठ्याच्या साध्या डबीत मोटर, दोन तारा आणि पकडीने दाबून तारा जोडण्याचे दोन क्रिम्प जोड एवढेच होते. सूचनापत्रक नावालाही नव्हते. धातूचे कवच, बसवण्याची छिद्रे आणि लहान दातेरी चक्र जुन्या मोटरशी तंतोतंत जुळले, आणि याचे श्रेय विक्रेत्याने फोटोसह दिलेल्या मापांना द्यायला हवे. मागवताना व्होल्टेज, ५० हर्ट्झ, मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या आणि फिरण्याची दिशा, या चारही गोष्टी जुन्या मोटरवरील चिठ्ठीशी ताडून पाहाव्यात, कारण दिसायला जुळी असलेली मोटर उलट दिशेने फिरणारी निघू शकते.

बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण त्यातील पहिली दोन मिनिटे सर्वांत मोलाची. नुसता थर्मोस्टॅट खाली करून झाकण उघडणे हा जिवाशी खेळ आहे, कारण तपकिरी तार मृत असली तरी सूक्ष्म स्विचला जाणाऱ्या करड्या तारेत वीज कायम खेळत असते. हीटिंगचा फ्यूज असलेला भिंतीवरचा स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात टाकावा, आणि मगच तारा मृत असल्याचे मल्टिमीटरने तपासावे. टाकीच्या कपाटात इमर्शन हीटरचाही वेगळा स्विच असतो. तोच हीटिंगचा समजून बंद करण्याची चूक मी जवळजवळ केलीच होती. पुढे तरफ अर्ध्यावर ढकलून धरली की दात्यांवरचा ताण सैल होतो, स्क्रू काढून जुनी मोटर अलगद सुटते आणि नवी तिच्या जागी बसते. प्रवाह उलटसुलट वाहणारा असल्याने मोटरची कोणती तार कोणत्या तारेला जोडावी हा प्रश्न येत नाही. गॅसच्या भागाला हात लागत नसल्यामुळे नोंदणीकृत गॅस कारागिराची गरज पडली नाही, मात्र ज्यांना मल्टिमीटर धरण्याची सवय नाही त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावावा.

तक्रारी दोन. सोबतचे क्रिम्प जोड इतके ठिसूळ होते की पहिला पकडीत दाबताच तडकला, आणि मला घरातले चांगले जोड वापरावे लागले. मोटरच्या ताराही चार बोटे लांब असत्या तर बरे झाले असते. अपुऱ्या तारांमुळे जोड दात्यांपासून दूर वळवून बसवताना बरीच कसरत झाली.

कामगिरीबद्दल मात्र कुरकुर करण्यासारखे काही सापडलेले नाही. व्हॉल्व्ह उघडताना काही क्षण मंद घरघर ऐकू येते आणि मग शांतता. उघड्या स्थितीत कवच हाताला चांगलेच कोमट लागते, पण जुन्या मोटरच्या जोडीला असलेली पाण्याच्या व्हॉल्व्हवरची मूळ मोटरही तितकीच तापते, त्यामुळे मी तो दोष धरत नाही. ती दुसरी मोटर घराच्याच वयाची असल्यामुळे तिचाही भरवसा उरलेला नाही, आणि म्हणून याच विक्रेत्याकडून आणखी एक मोटर मागवून टाकीच्या कपाटातच ठेवली आहे, अर्थात या वेळी चांगल्या क्रिम्प जोडांच्या पाकिटासह.