गॅसवाली की इनर्शियावाली? पुसणाऱ्याच्या नजरेतून

सेमी-ऑटोमॅटिक बारा बोअर शॉटगन, म्हणजे दर बारानंतर आपोआप पुढचं काडतूस भरणारी छर्ऱ्याची बंदूक, घ्यायला गेलं की दुकानदार धक्का, वजन, नळीची लांबी यांवर तासभर बोलतो. शनिवारी संध्याकाळी ती पुसत कोण बसणार, हे काही निघत नाही. मी टेक्ससमध्ये क्ले, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या, मारतो, एका फेरीला 100 काडतुसं. आधी पाच वर्षं गॅसवाली होती, आता तीन वर्षं इनर्शियावाली आहे.

गॅसवाली जळलेल्या दारूचा थोडा गॅस नळीतून घेऊन पिस्टन ढकलते, आणि त्यावर बोल्ट (काडतुसामागचं सरकतं दार) उघडतो. तिचा धक्का मऊ, यात वादच नाही. 1963 साली रेमिंग्टन 1100 आली ती याच गुणावर खपली. पण गॅसबरोबर काजळीही नळीच्या भोकांतून पिस्टनवर येते. फोरएंड (नळीखालची पुढची मूठ) काढला की दिसतं ते करपलेल्या दुधाच्या पातेल्याचं बूड. ब्राँझचा ब्रश घासून मनगट भरून येतं, आणि पोलादी काही लावायची हिंमत होत नाही. मॅगझिनच्या (काडतुसं साठवायच्या) नळीवर तेल जरा जास्त झालं की काजळी त्यात कालवली जाऊन काळं पिठलं तयार. हे सगळं मी सहन केलं असतं. सहन झाला नाही तो सॉल्व्हंटचा वास. एसीमुळे खिडक्या बंद, त्यामुळे तो थेट स्वयंपाकघरात. एकदा फोडणीचा वासच येईना, तेव्हा बायकोने मला माझ्या पिस्टनसकट गराजमध्ये पाठवलं. जुलैतल्या गराजमध्ये. आळसाने दोनदा तसंच सोडलं, तर तिसऱ्या शनिवारी रिकामं काडतूस बाहेर पडता पडता अडकलं.

इनर्शियावाली नळीतून गॅस घेतच नाही. इटलीच्या ब्रुनो चिवोलानी यांची ही युक्ती बेनेल्लीने वापरात आणली: बंदूक मागे सरकते, बोल्टचं जड अंग जागीच राहू पाहतं, मधली जाड स्प्रिंग दाबली जाते, आणि ती सुटली की बोल्ट उघडतो. काजळी बहुतांशी नळीच्या तोंडातूनच जाते. नळी आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) दोन्ही बंदुकांत सारखंच घासावं लागतं, पण पुढे इथे बोल्ट फडक्याने पुसायचा, सरकण्याच्या जागी थेंबभर तेल, झालं. चहा निवायच्या आत काम आटपतं.

खांदा दुखरा असेल, किंवा 24 ग्रॅम छर्ऱ्यांची हलकी काडतुसंच मारायची असतील, तर मात्र गॅसवालीच बघा. हलक्या काडतुसांवर माझी इनर्शियावाली अधूनमधून रुसते. शिवाय माझ्या बंदुकीत बोल्ट परत आणणारी स्प्रिंग दस्त्याच्या आत, नजरेआड आहे. दमट हवेत तिथे गंज धरतो, हे मला उशिरा कळलं. वर्षातून एकदा दस्ता उतरवून त्या स्प्रिंगची नळी पुसतो, अर्धा तास जातो.

तेवढंही गराजमध्ये जाऊन करावं लागत नाही.