व्हिडिओ लहान करायला हँडब्रेक : बराच वापरल्यावरचं मत

व्हिडिओ कन्व्हर्टर शोधायला गेलं की आधी ते ट्रायलवालेच समोर येतात, अर्धाच व्हिडिओ कन्व्हर्ट करणार आणि वर स्वतःचा वॉटरमार्क चिकटवणार, त्यांच्या नादी लागूच नका. हँडब्रेक फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि फोरके फुटेज १०८०पी करून साइज कमी करायची एवढंच काम असेल तर मी दुसरं काही उघडतच नाही.

फक्त प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग्ज) डोळे झाकून वापरू नका. सुरुवातीला 'फास्ट १०८०पी३०' निवडलेला असतो, त्यातल्या ३० कडे कुणाचं लक्ष जात नाही आणि ६० एफपीएसचं (सेकंदाला ६० फ्रेम) शूटिंग गपचूप ३० वर येतं, मग लोक विचारत बसतात की पळतानाचा शॉट असा अडखळतोय का. व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट 'सेम ॲज सोर्स' करा. आणि मोबाईलचं फुटेज पुढे एडिट करणार असाल तर तिथेच 'कॉन्स्टंट' पण करा, कारण फोन बहुतेक वेळा व्हेरिएबल (कमीजास्त होणाऱ्या) फ्रेमरेटने शूट करतो आणि एडिटरमध्ये आवाज हळूहळू पुढेमागे व्हायला लागतो.

क्वालिटीचा आरएफ स्लायडर उलटा चालतो, आकडा कमी तेवढी क्वालिटी जास्त आणि फाइल पण मोठी. १०८०पीला २० ते २४ च्या मधे ठेवा, आधी प्रिव्ह्यूमधून छोटा तुकडा काढून बघा, मग रात्रभर लावा. घाई असेल तर ग्राफिक्स कार्डवालं एन्कोडिंग खूप फास्ट होतं, पण तेवढ्याच साइजमध्ये स्लो प्रीसेटच्या एक्स२६५ या प्रोसेसरवर चालणाऱ्या एन्कोडरची सर त्याला येत नाही. ऑटो क्रॉप पण तपासा, अंधारे शॉट असले की कधीकधी कडा कापून टाकतो.

खटकणारी गोष्ट म्हणजे व्हिडिओ तसाच कॉपी करायची सोयच नाही, दरवेळी री-एन्कोड, म्हणजे अख्खा व्हिडिओ नव्याने बनवणं. नुसतं एमकेव्हीचं एमपी४ करायला पंखा गरगरवत बसायचं आणि वर क्वालिटी पण थोडी घालवायची, कशाला? त्यासाठी शटर एन्कोडर घ्या, तेही फुकट, त्यात रीरॅप (व्हिडिओ तसाच ठेवून फक्त फाइलचा प्रकार बदलणं) आहे, काही सेकंदात काम होतं. एडिटिंगसाठी प्रोरेस (एडिटरला सोपा जाणारा व्हिडिओ फॉरमॅट) हवं असेल तर तेही शटर एन्कोडरमध्ये मिळतं. त्याच्या स्क्रीनवर बटणांची गर्दी आहे खरी, पण सवय होते.

कमांड टाइप करायचा कंटाळा नसेल तर सरळ एफएफएमपेग हा कमांडने चालणारा प्रोग्राम वापरा, शटर एन्कोडर पण आतून तेच वापरतं.