पाणी नसलेला चाकू

एका खोट्या चाकूपायी गेले 73,500 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो सांगायला मला दोन महिने लागले.

मी कुपवाड एमआयडीसीत टूलरूमला आहे, 27 वर्षं झाली. कुणी बारा रुपयांची डॉवेल पिन आणून दिली तरी मायक्रोमीटर लावल्याशिवाय ती कप्प्यात जात नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. लोखंडातलं काही कळत नाही म्हणून मी फसलो, असं कुणी म्हणू नये म्हणून सांगतोय.

वडिलांचा अडकित्ता अजून माझ्याकडे आहे. त्याच्या बिजागरीला पन्नास वर्षांत ढिलाई आली नाही, आणि बहुधा तिथूनच हे वेड लागलं. घडीच्या चाकूची सगळी गंमत बिजागरीत आणि उघडलेलं पातं अडवून धरणाऱ्या खटक्यात असते. चाकू बनवणाऱ्या मायकल वॉकरने 1980 च्या दशकात लायनर लॉक, म्हणजे मुठीच्या आतल्या पातळ पट्टीचा खटका, सुधारून रूढ केला. ख्रिस रीव्हने पुढे जाऊन मुठीचीच एक पट्टी चिरून तिला खटका बनवलं, हा फ्रेम लॉक. त्याच्या चाकूचं नाव सेबेंझा, झुलू भाषेत त्याचा अर्थ काम. हे सगळं मी वर्षानुवर्षं वाचत आलो. मुलीचं शिक्षण संपलं, बोनस झाला, आणि ठरवलं की एक चांगला, एका माणसाने हाताने बनवलेला चाकू घ्यायचा. आयुष्यातला पहिला आणि बहुधा शेवटचा.

एका ओळखीच्याकडून त्या विक्रेत्याचा नंबर मिळाला. त्याच्याकडून आधी धार लावायचा एक जपानी दगड घेतला, 2,200 रुपयांना. दगड उत्तम निघाला, अजून वापरतो. आज वाटतं, तो दगड म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ होतं.

मग एका रात्री फोन आला. "सर, तुमच्यासाठीच थांबवून ठेवलाय." अमेरिकेतला एक कारागीर, त्याची वही तीन वर्षांसाठी भरलेली, पुण्याच्या एका गिऱ्हाईकाने ऐनवेळी माघार घेतली, म्हणून 62,000 ला मिळतोय, एरवी लाखाच्या वर. दमास्कस पातं, सव्वातीन इंच, कठीणता 61 रॉकवेल, मूठ टायटॅनियमची. सोबत सहीचं प्रमाणपत्र. व्हिडिओत त्याने मुठीला लोहचुंबक लावून दाखवलं. "बघा सर, चिकटत नाही. म्हणजे टायटॅनियम." आणि मी मान डोलावली! आमच्या कॅन्टीनच्या सिंकलाही लोहचुंबक चिकटत नाही. 304 स्टेनलेस आहे ते. रोज तिथे डबा धुतो मी.

20,000 टोकन दिलं. पंधरा दिवसांनी, पार्सल मुंबईत कस्टमला अडकलंय, 11,500 ड्यूटी भरा. ती भरायची कुठे? कुण्या बाईच्या नावाच्या यूपीआयवर. सरकारची ड्यूटी कधी कुणाच्या खासगी खात्यात जाते का? आयात मालाला बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद, होतं, कुरिअर कंपनी त्यावर पैसे घेते आणि पावती देते. आमच्या कंपनीत जर्मनीहून कटर येतात, त्यांचे हे कागद मीच फायलीला लावतो. तरी भरले. कारण तोवर 20,000 अडकले होते, आणि अडकलेल्या पैशांमागे माणूस आणखी पैसे धावायला लावतो. उरलेले 42,000 त्याने चाकू पाठवण्याआधी घेतले.

पार्सल आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता दिल्लीचा. बिल ऑफ एंट्री नाही, परदेशी शिक्का नाही. मी ते बघितलं आणि बघितलं नाही. आत लाकडी पेटी, मखमल, आणि चाकू दिसायला असा देखणा की विचारू नका. बायको म्हणाली, "अहो, पेरू तरी कापून बघा." मी नाही कापला. ओरखडा पडेल म्हणून. तीन आठवडे रोज रात्री पेटी उघडायची, चाकू दोनदा उघडमीट करायचा, परत ठेवायचा. खटका लागल्यावरही पातं वरखाली किंचित हलत होतं. वाटलं, नवीन आहे, बसेल. टूलरूममध्ये एखाद्या पोराने मला असं उत्तर दिलं असतं तर त्याचं काय केलं असतं, ते जाऊ दे.

मिरजेला सतारमेकर गल्लीत माझा एक मित्र आहे. त्या गल्लीचं मूळ थोडं सांगतो, विषयाशी संबंध आहे. ही घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार करणाऱ्यांची. हत्यारांचा जमाना ओसरल्यावर 1850 च्या सुमारास फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली आणि गल्ली सतारी-तानपुऱ्यांची झाली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. पण लोखंडाची नजर त्या हातांतून गेलेली नाही. मी कौतुकाने पेटी उघडली. त्याने नक्षीकडे पाहिलंही नाही. तानपुऱ्याच्या दांडीतून उरलेला तुणीच्या लाकडाचा तुकडा घेतला, दोन सालपटं काढली, पातं उजेडाकडे धरलं आणि धारेवरून आडवं नख फिरवलं. नख अडकलं. धार एका बाजूला कलंडली होती.

"ह्याला पाणीच दिलेलं नाही," तो म्हणाला. पाणी देणं म्हणजे पोलाद तापवून, विझवून कडक करणं. मग पातं उलटं करून त्याची पाठ दाखवली. "आणि नक्षी हितं कुठं गेली?"

ही गोष्ट नीट वाचा, कारण फोटोत हे कुणी दाखवत नाही. खरं दमास्कस म्हणजे दोन जातींचं पोलाद एकावर एक ठेवून, भट्टीत जोडून, घडी घालून ठोकलेलं. चिरोट्यासारखं. चिरोट्याचे पापुद्रे जसे कडेलाही दिसतात, तशा रेषा पात्याच्या पाठीवरही यायलाच हव्यात, आणि दोन्ही बाजूंच्या रेषा पाठीवरून एकमेकींना मिळायला हव्यात. माझ्या चाकूची पाठ आरशासारखी कोरी होती. नक्षी वरून छापलेली.

दुसऱ्या दिवशी कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. पात्याच्या एका कोपऱ्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यातून फिरवला. नक्षी गेली. खऱ्या दमास्कसचीही जाते, पण फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की परत उमटते, कारण निकेल असलेल्या थराला आम्ल कमी खातं आणि तो चकचकीत राहतो. माझं पातं सगळीकडे एकसारखं करडं झालं. मग रॉकवेल टेस्टरवर ठेवलं, हिऱ्याचा शंकू, 150 किलोचा भार. 41. शेजारी परत टोचलं, 42. परत, 41. चांगल्या चाकूचं पातं 58 ते 62 च्या दरम्यान असतं. 41 म्हणजे चांगल्या बोल्टाएवढं.

राहिली मूठ. स्क्रू काढून तिची एक बाजू सुटी केली आणि सराफ कट्ट्यावर ओळखीच्या सोनाराकडे नेली. त्याने हवेत वजन केलं, 47.4 ग्रॅम. मग दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळवून, 41.4. सहा ग्रॅम घट, म्हणजे घनता 7.9, स्टेनलेसची. टायटॅनियम असतं तर घट साडेदहाच्या पुढे गेली असती. सोनाराने विचारलं, "चांदी समजून घेतली काय?" मी हो म्हणालो. ते सांगणं सोपं होतं.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याचा सूर बदललेला नव्हता, हे मला जास्त लागलं. "सर, तुम्ही पातं घासलंत, आता वॉरंटी कशी देणार?" आणि मग हळूच, "पोलिसांत जाणार असाल तर जा. पण चाकू कशाला मागवला होता, हे आधी तुम्हालाच विचारतील."

ह्या एका वाक्यावर मी सहा आठवडे गप्प बसलो. त्याने ते वाक्य माझ्यासाठी नवीन बनवलं नसणार. म्हणून स्पष्ट सांगतो: शस्त्र नियमांच्या यादीत जे चाकू येतात ते 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे. सव्वातीन इंचाचा घडीचा चाकू घरात ठेवलात म्हणून तुम्ही गुन्हेगार होत नाही. जमावबंदीचा आदेश असताना तो खिशात घालून गावभर फिरणं ही गोष्ट वेगळी. मी शेवटी सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदवली, सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आलो. तिथल्या हवालदाराने चाकूबद्दल एकच प्रश्न विचारला, तोही किमतीचा. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत तक्रार आली तर खातं गोठवायला वाव असतो, असं तो म्हणाला. माझ्या बाबतीत दोन्ही खाती केव्हाच रिकामी झालेली.

बायकोला सांगितलं त्या रात्री ती काही बोलली नाही. सकाळी चहा देताना म्हणाली, "एवढ्यात एक म्हस आली असती."

पहिला भारी चाकू घेणाऱ्यांना माझं म्हणणं इतकंच की कारागिराचं नाव ऐकून घेऊ नका, आधी त्या कारागिराला थेट विचारा, हा चाकू तुम्ही बनवलाय का. मी माझ्याकडच्या प्रमाणपत्रावरच्या नावाचा माणूस शोधून त्याला मेल केला. चार ओळींत उत्तर आलं, तेही दुसऱ्या दिवशी. असा चाकू त्याने कधी बनवलेलाच नव्हता. ही मेल मी 20,000 पाठवायच्या आधी करू शकलो असतो, खर्च शून्य. हातात असेल तर पाठ बघा, उघडून पातं हलवून बघा, खटका पात्याच्या बुडाला किती टेकतो ते बघा. आणि कापून बघा. जो विकणारा कापू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, आणि जो घेणारा स्वतःच कापत नाही, त्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

चाकू आता टूलरूममध्ये टेस्टरशेजारच्या खणात असतो. नवीन अप्रेंटिस आला की मशीन शिकवायला मी तोच देतो. परवा मोजलं, पात्यावर 34 टोचे झालेत, आणि एकही 43 च्या वर गेलेला नाही.