बी थेट कुंडीत पेरावं की ट्रेमध्ये रोपं करावीत?

पहिल्यांदाच बियांपासून फुलझाडं लावणारी एक मैत्रीण या प्रश्नावर अडली होती.

मेहनत थेट पेरणीत कमी. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल टाकायचं, उगवल्यावर विरळणी करायची, म्हणजे दाटीतली जास्तीची रोपं उपटायची, बस्स. ट्रेमध्ये रोज लक्ष हवं, आणि चार-सहा खरी पानं (बीतून आधी निघणाऱ्या बीजपत्रांनंतरची) आली की रोप हळूहळू उन्हाला सरावून मगच हलवायचं.

खर्चात फारसा फरक नाही. तळाला भोक पाडलेला जुना कपही ट्रेचं काम करतो.

खरा फरक जगण्या-वाचण्याचा. कुंडीत जोराच्या पाण्याने बी वाहून जातं, पक्षी टिपतात. ट्रेमध्ये ते सुरक्षित, पण पाणी जास्त झालं की बुरशीने कोवळी रोपं बुडाशी कुजून एका रात्रीत आडवी होतात. फार जीव हळहळतो! म्हणून फवाऱ्यानेच पाणी द्या आणि हवा खेळती ठेवा.

झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल लावायचं असेल किंवा वेळ कमी असेल, तर थेट कुंडीतच पेरा. खसखशीच्या जातीच्या फुलांना मुळं हलवलेली सोसत नाहीत, त्यांनाही तेच बरं. पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक, त्याला उगवायला उजेड लागतो. ते ट्रेमध्ये मातीवर नुसतं भुरभुरा, झाकू नका. मोजकं, महागडं बीसुद्धा ट्रेमध्येच.