आधी डाएट की आधी व्यायाम? प्रतिकारशक्तीच्या बाजूने पाहू

ठाण्यात उपवन तलावाला किंवा नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यानात सकाळी फेरी मारली की एक तक्रार हमखास कानावर येते: ‘एवढं चालतो, पण काटा काही हलत नाही.’ नुसत्या काट्याचा प्रश्न असेल, तर डाएट पुढे आहे. पण आजारांशी लढण्याची ताकद पाहून ठरवायचं असेल, तर गणित बदलतं.

आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका वाढतो. पोटातल्या चरबीच्या पेशी फुगल्या की तिथे मॅक्रोफेज या संरक्षक पेशी गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फासारखी दाह (इन्फ्लमेशन, आतली सूज) वाढवणारी रसायनं सोडत राहतात. हा दाह मंद असतो, पण थांबत नाही. खऱ्या संसर्गाच्या वेळी मात्र बचाव तोकडा पडतो. फ्लूच्या लशीने तयार झालेल्या अँटीबॉडीजही लठ्ठ माणसांत लवकर घटतात.

डाएट या दाहाच्या मुळावर घाव घालतं. वजन जितकं उतरेल, साधारण तितक्या प्रमाणात रक्तातला सीआरपी (दाह मोजणारं प्रथिन) खाली येतो. ५ ते १० टक्के वजन घटलं तरी उपयोग होतो. अडचण असते ती घाईची. दोन वेळा सूप आणि काकडीवर राहिलात तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि प्रथिनं व झिंक कमी पडलं की प्रतिकारशक्तीच खालावते. लग्नसराईआधीचे असले क्रॅश डाएट मला सरळ घातक वाटतात. त्यात भर म्हणजे, चरबीच्या पेशी जुना लठ्ठपणा ‘लक्षात’ ठेवतात, असं झुरिचच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं. त्यामुळे सोडलेलं वजन लवकर परत येऊ शकतं.

व्यायामाचं काम वजन उतरण्याची वाट पाहत नाही. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते स्वतः आयएल-६ हे रसायन सोडतात. चरबीतून कायम झिरपणारं हेच रसायन दाहाशी जोडलेलं आहे, पण व्यायामात ते थोडा वेळ उसळतं आणि पाठोपाठ आयएल-१० सारखी दाह शमवणारी रसायनं वाढतात. कोपनहेगनच्या २०१९ च्या प्रयोगात पोट सुटलेल्या लोकांनी १२ आठवडे सायकल चालवली. पोटातली चरबी कमी झाली. ज्यांना आयएल-६ रोखणारं औषध दिलं होतं, त्यांची मात्र झाली नाही. शिवाय दमवणाऱ्या व्यायामात नॅचरल किलर पेशी (विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या संरक्षक पेशी) मोठ्या संख्येने रक्तात उतरतात. म्हणून काटा हलला नाही, तरी चालणं वाया जात नाही.

माझा कौल असा: ऐरोली-महापेच्या ऑफिसात दिवसभर बसून काम असेल आणि वजन थोडंच जास्त असेल, तर आधी व्यायाम. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, दोन दिवस वजन उचलणं किंवा ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा चढ. वजन खूप जास्त असेल, गुडघे बोलत असतील, तर आधी ताट: भात, मैदा, फरसाण कमी करा, पण उसळ, डाळ, अंडी, बांगडा सोडू नका. गुडघ्यांवरचा भार हलका झाला की चालणं जोडा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते.